गोष्ट मी सांगणार

थंडीच्या दिवसांत, संध्याकाळी खिडक्या लावायच्या वेळेला, आमच्या गल्लीत गुळाचा वास येतो. जवळपास एकही गुऱ्हाळ नाही. तरी वारा पूर्वेकडचा असला की उसाच्या रसाचा, धुराचा, किंचित करपलेल्या गोडाचा वास सरळ स्वयंपाकघरात शिरतो. मग खिडकीचा कडी-कोयंडा हातात तसाच राहतो आणि मी उभ्या उभ्या कुठंतरी जाते. धूर, वाफ, वाळलेल्या चिपाडांचा ढीग, आणि वाफेच्या पलीकडं एक मुलगी ओठ किंचित उघडून उभी आहे. तिचा शब्द यायचाय. नवरा विचारतो, कुठं गेलीस? मी म्हणते, गडमुडशिंगीला. तो हसतो आणि खिडकी स्वतः लावतो.

मी शाळेत मराठी शिकवते. सहावीचा वर्ग माझा. माझा आवाज मोठा आहे हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्यात त्या आवाजाचा हात आहे. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाला मी व्हरांड्यातून हाक मारली तर पलीकडच्या रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा मान वळवतो. शिवाय मला धीर नाही. समोरचा माणूस वाक्य सुरू करतो आणि त्याचा शेवट मला आधीच दिसतो. मग तो सांगून टाकल्याशिवाय राहवत नाही. नवऱ्याची निम्मी वाक्यं लग्नापासून मीच पुरी करत आले आहे. त्यानं कधी तक्रार केली नाही. केली असेल तर ती मी पुरी होऊ दिली नसेल.

ती मुलगी जूनमध्ये आमच्या वर्गात आली. गडमुडशिंगीहून रोज बसनं यायची. सावळी, बारीक, तेल लावून चापून बसवलेल्या दोन वेण्या, आणि दप्तराला कसलासा चिकट, गोड वास. पहिल्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून आपलं नाव सांगायचं होतं. ती उभी राहिली आणि तिचं नाव तिच्या ओठांशी येऊन अडकलं. गळ्याची शीर ताठ झाली, डोळे मिटले गेले. तिचं अडखळणं मी इथं टिंबं देऊन लिहिणार नाही. टिंबं वाचताना लोकांना हसू येतं हे मला ठाऊक आहे. तिला वेळ लागला, एवढंच लिहीन.

त्या वेळात वर्ग हसला. आधी कुठंतरी एक फुसफुस, मग सगळा वर्ग. आमच्या वर्गात तालमीत जाणारा एक मुलगा होता, अकरा वर्षांचा पण मानेनं पंधराचा. त्यानं तिची नक्कल केली, आणि चांगली केली. माझा पारा चढला. मी अख्खा तास त्या वर्गाला असं झोडपून काढलं की शेजारच्या वर्गातले सर दोनदा डोकावून गेले. शेवटी मी म्हणाले, "हसायचं नाही. कुणाचं अडलं की आपण मदत करायची. तिला शब्द सापडला नाही तर तुम्ही सांगायचा. कळलं?"

"व्हय मॅडम," चाळीस पोरं ओरडली.

ती चूक माझी. मुलांची नव्हे. पुढं जे झालं ते माझ्या हुकमानं झालं.

कोल्हापूरच्या पोरांना मदत करा म्हणून सांगायचं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. इथं पावण्यानं पत्ता विचारला तर नुसता रस्ता सांगत नाहीत. त्याला गाडीवर बसवून दारात सोडतात, आणि वाटेत चहा पाजतात. माझा वर्ग त्याच मातीचा. दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंड उघडायचा अवकाश, चहूकडून शब्दांचा पाऊस पडायचा. "वही? पेन? पाणी? बाहेर जायचंय? पोटात दुखालंय?" यातला कुठलातरी शब्द ती घ्यायची, मान हलवायची आणि बसायची. पोरं खूश. नक्कल करणारा तालमीतला मुलगा तर सगळ्यात पुढं. त्यानं स्वतःला तिचा वकीलच नेमून घेतलं होतं. मी शिक्षकांच्या खोलीत अभिमानानं सांगितलं की माझ्या वर्गात आता कुणी हसत नाही. ते खरंही होतं.

हळूहळू ती तोंड उघडेनाशी झाली. मला ते दिसलं, पण मी त्याला शांत स्वभाव म्हटलं. तिच्याबद्दल जे माहीत व्हायचं ते वर्गाकडूनच. वडील काय करतात, असं मी तिला विचारलं तर मॉनिटर मुलगी म्हणाली, "शेती करत्यात मॅडम," आणि तिनं मान हलवली. उशीर का झाला, तर "बस चुकली मॅडम." मोठी होऊन कोण होणार, तर "टीचर, मॅडम, तुमच्यासारखी." तिनं मान हलवली आणि मी इतकी विरघळले की तिच्या वहीवर स्वतःच्या हातानं चांदणी काढली. ती वही नंतर मला पुष्कळदा आठवली. मी काढलेली चांदणी, आणि शेजारी तिचं गप्प बसणं.

आमच्या शाळेत शाळा भरताना परिपाठ असतो. सगळी शाळा मैदानात रांगेनं उभी राहते. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या आणि शेवटी एक बोधकथा. दर आठवड्याला एका वर्गाची पाळी, आणि त्या वर्गातल्या मुलांना हजेरीच्या क्रमानं कामं. जानेवारीच्या शेवटी आमचा आठवडा होता. दोन आठवडे आधी मी यादी केली आणि पाहिलं, तर गुरुवारची बोधकथा नेमकी तिच्या वाट्याला.

मी काही बोलायच्या आधीच मॉनिटर मुलगी तोडगा घेऊन आली. वर्गानं मधल्या सुट्टीत ठरवलं होतं. "मॅडम, गोष्ट मी सांगतो, ती नुसती माझ्याशेजारी उभी ऱ्हाईल. म्हंजे तिला वाईट वाटायला नको." आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना मी जातो, मी सांगतो असंच म्हणतात, शुद्ध मराठी शिकवणारी मीसुद्धा घरी तसंच बोलते. मॉनिटरच्या चेहऱ्यावर इतका चांगुलपणा होता की मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

शाळा सुटल्यावर सगळे गेले. ती टेबलापाशी आली, एक चिठ्ठी हजेरीच्या वहीवर ठेवली आणि निघून गेली. चिठ्ठीत ओळ एकच होती. गोष्ट मी सांगणार.

मी घाबरले, हे कबूल करायला पाहिजे. डोळ्यांपुढं सगळी शाळा आली, सातवी-आठवीची मोठी मुलं आली, मुख्याध्यापक घड्याळ बघताना दिसले, आणि ताठ झालेली ती शीर. दुसऱ्या दिवशी ती माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. मी तिला म्हणाले, "बघू." शिक्षकांच्या तोंडातला हा सगळ्यात पळपुटा शब्द. मुलांना त्याचा अर्थ बरोबर कळतो.

त्यानंतर ती आलीच नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. "ताप आलाय तिला मॅडम," वर्गानं सांगितलं. मी विश्वास ठेवला, नेहमीसारखा. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर काय मनात आलं कुणास ठाऊक, मी घरच्या बसऐवजी गडमुडशिंगीच्या बसमध्ये चढले.

त्या प्रवासाचं मला धड काही आठवत नाही, आणि सगळं आठवतं. बसच्या काचेवर धूळ होती आणि धुळीतून उन्हं आत येत होती. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच तोडलेल्या उसाचं रिकामं रान, बैलगाडीमागं रेंगाळणारी आमची बस. कंडक्टर पेंगत होता. मलाही डुलकी लागली असावी, कारण गाव आलं ते मला आधी वासानं कळलं. एका बाईला पत्ता विचारला. तिनं अर्थातच हातातली घागर खाली ठेवली आणि मला थेट गुऱ्हाळावर नेऊन सोडलं.

तिला ताप नव्हता. तिचे वडील शेतकरी नव्हते. ते टेम्पो चालवायचे आणि गूळ बाजारात पोचवायचे. ती कधी बस चुकल्यामुळं उशिरा आली नव्हती; हंगामात सकाळचं पहिलं आधण, म्हणजे रसाची पहिली कढई, उतरल्याशिवाय तिचा पाय तिथून निघायचा नाही. बाजेवर एका डोळ्याला हिरवं फडकं बांधून बसलेल्या तिच्या आजोबांनी मला हे सगळं पाच मिनिटांत सांगितलं. आजोबा गुळव्या होते. रस किती उकळायचा आणि कढई, तिला तिथं काहील म्हणतात, नेमकी कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस तो गुळव्या. मिनिटभर आधी उतरली तर गूळ धरत नाही, मिनिटभर उशीर झाला तर करपतो. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी धुराजवळ जायला बंदी केली होती. म्हणून आठवडाभर ते लांब बाजेवर बसून विचारायचे आणि नात काहिलीजवळून सांगायची. उकळता रस कामावरचा माणूस पळीनं थाळीतल्या गार पाण्यात सोडायचा, ती बोटांनी त्याची गोळी वळून बघायची.

"पोराला सगळं येतंय, पण ही पारख न्हाय," आजोबा आपल्या मुलाबद्दल, म्हणजे तिच्या वडिलांबद्दल म्हणाले. "हिच्या बोटात हाय."

मी म्हणाले, "पण आजोबा, शाळा बुडतेय तिची."

त्यांनी दुसरा डोळा माझ्याकडं वळवला. "शाळंत तिचं काय काम अडलंय, बाई? तिथं तिचं बोलणं सगळी पोरंच बोलत्यात, म्हणं. मग तिनं जाऊन करायचं काय? हितं तिचं काम हाय, हितं बोलती."

ते चिडून बोलले नाहीत. मी बाजेच्या कडेला टेकले. समोर चुलाण धडधडत होतं, एक माणूस त्यात चिपाडं सारत होता, आणि काहिलीवरून वाफेचे ढग उठून पत्र्याच्या छपराखाली तरंगत होते. त्या वाफेत माणसं दिसायची, विरघळायची, पुन्हा दिसायची. कुणाला कसली घाई नव्हती. मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं. ती वाफेतून बाहेर यायची, आजोबांना काही सांगायला लागायची, तिला वेळ लागायचा, आणि त्या वेळात आजोबा नुसते बसून राहायचे. काहिलीजवळचे चौघे ती कलवायच्या काठीवर हात ठेवून उभे राहायचे. जसे रसासाठी थांबत होते तसेच तिच्यासाठी. मला ते इतकं सुंदर वाटलं की माझे डोळे भरून आले. धूरही होताच म्हणा.

आणि तरीसुद्धा मी माझ्या स्वभावावर गेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगीच नाही.

फेस बदलला, रंग बदलला, काहिलीभोवती एक प्रकारची शांतता आली. तिनं थाळीत बोटं घातली. आजोबांनी बाजेवरून विचारलं, "काय म्हणती?" ती वळली. तोंड उघडलं आणि शब्द अडला. मी तिचा चेहरा बघत होते, थाळीतली ती गोळी मला चांगली गोल दिसत होती, आणि पुढचा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. चुलाणाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मी माझ्या मैदानी आवाजात सांगितलं, "झालं म्हणतेय ती!"

चौघांनी काठीला रेटा दिला. काहील कलली, सोनेरी रस खालच्या वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या खड्ड्यात, धो धो उतरला आणि सगळीकडं वाफच वाफ झाली. त्या वाफेतून ती माझ्याकडं बघत होती, बराच वेळ. मला वाटलं, आभार मानतेय.

बसची वेळ झाली होती. मी निघाले तेव्हा आजोबांनी एकदा काहिलीकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "शनवारी समद्या पोरांस्नी घेऊन या बाई. एकट्या तुमास्नी दावून न्हाय व्हायचं हे."

मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. बसमध्ये मी खिडकीशी बसून सगळा रस्ता स्वतःवर खूश होते.

शनिवारी शाळा सकाळची असते. मुख्याध्यापकांची परवानगी होती, पालकांच्या चिठ्ठ्या होत्या. तिच्या वडिलांनी दोन फेऱ्यांत टेम्पोतून चाळीस पोरं नेली. रस्ताभर त्यांनी जो गोंधळ घातला त्यानं कावळे उडाले असतील. गुऱ्हाळाच्या तोंडाशी आजोबांची बाज होती. त्यांनी हात वर केला आणि पोरं गप्प झाली. मला हे आठ महिन्यांत जमलं नव्हतं.

"हितं एकच नियम हाय," ते म्हणाले. "काहिलीजवळ झालं का म्हणून कुणी इचारायचं न्हाय. ज्याचं काम हाय तो सांगंल." मग नातीकडं बोट दाखवलं. "गुळव्या ही. काय इचारायचं ते हिला इचारा."

पोरांनी विचारायला सुरुवात केली. रसात ते पांढरं काय टाकलं? ती सांगायला लागली, आणि शब्द अडला. सवयीनं चाळीस तोंडं उघडली, आणि चाळीस तोंडं तशीच उघडी राहिली. कारण पुढं काय येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. शहरातली पोरं ती. गूळ डब्यात असतो एवढंच त्यांना ठाऊक. तालमीतला मुलगा घाईघाईनं "साखर?" म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मग करायला दुसरं काही उरलंच नाही. ती थांबली होती म्हणून तेही थांबले.

चुना, ती म्हणाली. आणि रस निवळायला भेंडीच्या खोडांचं पाणी.

मग ती सांगत गेली. मळी कशी वर येते, ती का काढायची, फेस लहान झाला की काय समजायचं. प्रत्येक वाक्याला वेळ लागत होता. आणि त्या वेळात चाळीस चेहरे वाफेत न्हाऊन तिच्याकडं बघत उभे होते, अर्धवट तोंड उघडून, गोष्ट ऐकणाऱ्या लहान पोरांसारखे. मी आठ महिने त्या मुलीला शिकवत होते. तिचा आवाज किंचित घोगरा आहे आणि बोलताना ती मधेच खट्याळ हसते, हे मला त्या दुपारी कळलं. मोठी होऊन काय होणार, ते मी पुन्हा विचारलं नाही. दिसतच होतं.

नंतर सगळ्यांना द्रोणातून काकवी दिली, म्हणजे गूळ व्हायच्या अलीकडचा दाट रस. मला आजोबांनी वेगळ्या डब्यातली, वाटीत घालून दिली. "तुमच्यासाठी ठेवल्याली हाय," म्हणाले. मी दोनदा मागून घेतली. इतकी चांगली काकवी जन्मात खाल्ली नाही, असं मोठ्या आवाजात सांगितलंही. कामावरचे चौघे गालातल्या गालात हसत होते.

परत निघताना टेम्पोच्या मागच्या फळीशी मॉनिटर मुलगी तिच्यासमोर उभी राहिली. बोटांवरची काकवी चाटत तिनं सरळच विचारलं, "आम्ही तुला शब्द सांगतो ते तुला आवडत न्हाय व्हय गं?"

ती बोलायला लागली. सगळे थांबले. आता त्यांना उत्तर माहीत नव्हतं असं नाही. थोडाफार अंदाज होता. तरी थांबले.

"न्हाय," ती म्हणाली.

"मग आधी सांगायचंस की."

पुन्हा वेळ लागला. मग ती म्हणाली, "सांगालतो की."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग आधी तालमीतला मुलगा हसला, मग मॉनिटर, मग ती स्वतः. सांगत होती ती बिचारी, जूनपासून सांगत होती, आणि आम्ही एकेचाळीस जण मिळून तिचं ते वाक्यसुद्धा पुरं करत होतो. सगळा टेम्पो हसत होता. मला हसू आलं नाही. मी तिला तिथंच म्हणाले, "गुरुवारची गोष्ट तुझी." तिनं मान हलवली नाही. "व्हय," म्हणाली.

गुरुवारी सकाळी धुकं होतं. मैदानाच्या पलीकडची झाडं अर्धीच दिसत होती आणि झेंड्याच्या खांबाचं टोक दिसतच नव्हतं. सगळी शाळा स्वेटर घालून पेंगुळलेली उभी होती. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, बातम्या झाल्या. ती पायऱ्या चढून माइकपाशी गेली. मी आमच्या वर्गाच्या रांगेशेजारी उभी होते.

तिनं सुरुवात केली. एक गुळव्या होता. त्याच्या डोळ्याला दिसत नव्हतं. त्याच्या गुऱ्हाळावर शहरातून एक पावणं आलं. पावणं फार शिकलेलं होतं आणि त्याचा आवाज फार मोठा होता.

तिला वेळ लागत होता. आठवीच्या रांगेत फुसफुस सुरू झाली. आमच्या वर्गातलं कुणी मागं वळलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. ते फक्त तिच्याकडं बघत राहिले, त्या दिवशी काहिलीकडं बघत होते तसे. चाळीस जण इतके मनापासून ऐकतायत म्हटल्यावर इतरांचंही लक्ष तिकडंच गेलं. फुसफुस हळूहळू विरली.

काहिलीजवळ एक पोरगी होती, ती सांगत होती. ती रसाची गोळी वळून बघत होती. गोळी धरली नव्हती. अजून थांबा, असं तिला सांगायचं होतं. पण पावण्यानं मोठ्यानं सांगितलं, झालं. माणसांनी काहील उतरवली. सगळं आधण वाया गेलं. गूळ झालाच नाही.

मला त्या दिवशीची काहील आठवली. वाफेतून बघणारे तिचे ते डोळे. आभार नव्हते ते. एका अख्ख्या कढईचा गूळ मी नासवला होता, आणि त्या घरातलं कुणी मला एका शब्दानं बोललं नव्हतं.

"मग आजोबांनी," ती म्हणाली, "मग आजोबांनी त्या पावण्याला," आणि तिथं ती अडकली. शीर ताठ झाली, डोळे मिटले गेले. मी इतकी वर्षं बोधकथा ऐकत आलेय; त्यांचा शेवट काय असतो ते मला पाठ आहे. चुकणाऱ्याला शिक्षा होते. ते ऐकणं मला सहन होईना, आणि तिचं ते अडकणंही सहन होईना. दोन्ही एकदम संपावं म्हणून की काय, माझ्या तोंडून अर्धवट आवाजात निघून गेलं, "हाकललं."

शेजारून माझी साडी ओढली गेली. तालमीतला मुलगा माझ्याकडं न बघताच, नजर तिच्यावर ठेवून, हळू म्हणाला, "मॅडम, गप ऱ्हावा की. येतंय तिचं."

मी गप्प राहिले. धुक्यातून एक घार संथ फिरत गेली. रस्त्यावर दुधाच्या गाडीचा खडखडाट झाला आणि लांब गेला. चारशे पोरं उभी होती आणि कुणी हलत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. दहा सेकंद असतील. मला त्यात सगळा हंगाम जाऊन आल्यासारखा वाटला.

"बसवून घेतलं," ती म्हणाली. डोळे उघडले. मग एका दमात आलं, "आणि त्याच आधणाची काकवी वाटीत घालून दिली. पावण्यानं दोनदा मागून घेतली. आजोबा म्हणाले, आता बसा, पुढचं आधण बघून जावा."

एवढं सांगून ती पायऱ्या उतरून रांगेत आली. तात्पर्य तिनं सांगितलंच नाही. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं नाही. वर्गातल्या पोरांनी तिला थोडं सरकून जागा करून दिली, आणि तालमीतला मुलगा तिला विचारत होता की त्या पावण्यानं खरंच दोनदा मागून खाल्लं का.

परिपाठ सुटल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. माफी मागायची, असं ठरवून गेले होते. ती समोर उभी राहिली, मान वर करून. मी तोंड उघडलं. माझा तो मैदानी आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. शब्द घशाशी आला आणि अडकला, निघेना. आजूबाजूनं पोरं वर्गाकडं पळत होती. मला काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं. तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिला तो शब्द सहज सांगता आला असता.

तासाची घंटा झाली, मैदान रिकामं झालं. ती माझ्याकडं बघत तशीच उभी राहिली, माझा शब्द येईपर्यंत.